हिरवी दरी, पांढरी झाडं : इन्फ्रारेड रोलबद्दल तुमची पत्रं

गेल्या अंकात या पानावर माथेरानच्या गारबट पॉइंटवरून काढलेला उल्हास खोऱ्याचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो छापला होता. झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरी, आकाश काळंभोर, लांबवर भीमाशंकरची रांग कोरून काढल्यासारखी, आणि खाली फक्त एवढंच की इन्फ्रारेड फिल्म, ऑक्टोबर, दुपारी दोन. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं पान त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, बाकी जसे आले तसे.

ताई, खरं सांगा, हे कॉम्प्युटरवर केलंय ना? माथेरानला बर्फ कुठनं येणार? आणि हिरवं पान पांढरं कसं काय दिसेल?
*एक वाचक, डोंबिवली*

नाही हो, कॉम्प्युटरवर काही केलेलं नाही. निगेटिव्हवरून कागदावर प्रिंट काढली आणि तीच स्कॅन करून अंकात गेली. पांढरं जे दिसतंय ते पानानंच केलंय, फिल्मनं फक्त टिपलंय.

आपल्या डोळ्याला साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो, म्हणजे लाल रंग जिथे संपतो तिथपर्यंत, आणि त्याच्या पलीकडचा तो इन्फ्रारेड. पानातलं हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश खातं, हिरवा थोडा परत पाठवतं, म्हणून पान हिरवं. पण ७०० च्या पुढे गेलं की हरितद्रव्य तो प्रकाश खातच नाही, तो सरळ पानाच्या आत शिरतो. आत पेशींच्या मधे मधे हवेच्या बारीक पोकळ्या असतात, तिथे तो इकडे तिकडे आपटत फिरतो आणि जवळजवळ निम्मा उलटा बाहेर येतो. उरलेला बराचसा पानातून आरपार खाली जातो (हे आरपार जाणं लक्षात ठेवा, पुढच्या पत्रात कामाला येईल). चौपाटीवरच्या गोळेवाल्याकडे बघा, बर्फाची लादी काचेसारखी आरपार असते, तिचा किस काढला की पांढराशुभ्र, बर्फ तोच पण मधे हवा शिरली. पानाचंही तसंच आहे.

आकाश काळं होण्याचं कारण वेगळं. निळा प्रकाश हवेत भरपूर विखुरतो म्हणून आकाश निळं दिसतं, आणि लहर जितकी लांब तितकं विखुरणं कमी, तेही चौपटीच्या हिशेबात नाही तर चौथ्या घाताच्या हिशेबात, त्यामुळे ४५० नॅनोमीटरचा निळा आणि ८०० चा इन्फ्रारेड यांच्यात जवळजवळ १० पटीचा फरक पडतो. इन्फ्रारेडमध्ये स्वच्छ आकाशाकडून येतच नाही फारसं काही, म्हणून काळं. ढगांचे थेंब मात्र सगळ्याच लहरी सारख्याच उडवतात म्हणून ढग पांढरे ते पांढरेच.

या पांढऱ्या झाडांना वूड इफेक्ट म्हणतात, आणि त्याचा लाकडाशी काही संबंध नाही. रॉबर्ट वूड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९१० मध्ये असे फोटो पहिल्यांदा प्रसिद्ध केले, त्याचं ते नाव. आणि ही नुसती गंमत नाही बरं का. १७ मार्च १९८८ ला आपला आयआरएस-१ए उपग्रह वर गेला, त्याच्या कॅमेऱ्यांतही पानांचा हाच इन्फ्रारेड मोजायची सोय होती, पीक जोमात आहे की सुकतंय ते त्यावरून कळतं.

अजून एक, बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून. हा इन्फ्रारेड म्हणजे उष्णता नव्हे. अंगाची उष्णता दाखवणारे कॅमेरे ८ ते १४ मायक्रॉनवर चालतात (एक मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर), आपली फिल्म ०.८ मायक्रॉनच्या आसपास संपते. अंधारात माणूस दिसेल वगैरे काही होणार नाही, इथे ऊनच लागतं.

ऑक्टोबरात भल्या पहाटे निघून खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटला गेलो, रोलाय इन्फ्रारेड ४०० चा रोल, होयाचा आर ७२ फिल्टर, ट्रायपॉड, सगळं होतं. सूर्योदयापासून नऊपर्यंत ३६ च्या ३६ फ्रेम काढल्या. निगेटिव्ह धुऊन आल्या त्या काचेसारख्या कोऱ्या, आठदहा फ्रेममध्ये वरचा कडा नि ढग तेवढे आले, खालची दरी गायब. कॅमेऱ्याचं मीटर बरोबर आहे, साध्या रोलला नेहमी व्यवस्थित येतं. रोल खराब होता का? साडेतीन आठवडे वाट बघून मागवलेला, फार वाईट वाटलं.
*मुलुंडचे एक वाचक*

वाईट वाटणारच. पण रोल खराब नव्हता, तसं असतं तर तो कडा आणि ढगही नीट आले नसते. दोन गोष्टी झाल्यात, आणि दुसरी पहिलीपेक्षा मोठी आहे.

पहिली म्हणजे मीटर. तुम्ही फिल्टर लावून कॅमेऱ्यातल्या मीटरवर विसंबलात असं पत्रावरून दिसतंय. मीटर दिसणाऱ्या प्रकाशासाठी बनवलेलं असतं, आर ७२, म्हणजे दिसणारा प्रकाश जवळजवळ सगळा अडवून इन्फ्रारेड सोडणारा काळा फिल्टर, समोर आला की ते जे सांगतं त्याला काही अर्थ उरत नाही. डब्यावरचा ४०० हा आकडासुद्धा विसरा, तो फिल्टरशिवायचा आहे. मी काय करते, फिल्टर काढून ठेवते, मीटरवर आयएसओ (फिल्मची संवेदनशीलता) १२ लावते, रीडिंग घेते आणि मग फिल्टर चढवून एक फ्रेम तेवढ्यावर, एक त्याच्या दुप्पट, एक चौपट. चांगल्या ऑक्टोबरच्या उन्हात लेन्सचं छिद्र एफ ११ ला ठेवलं की ते साधारण १/३०, १/१५ आणि १/८ सेकंद असं पडतं. एका दृश्याला तीन फ्रेम गेल्या की ३६ च्या रोलमध्ये १२ दृश्यं झाली, आणि खरं सांगायचं तर एका दिवसात बारा चांगल्या जागा मिळाल्या तरी खूप आहे. काळ्या फिल्टरमधून एसएलआरमध्ये (ज्यात फोटोच्याच लेन्समधून बघतो त्या कॅमेऱ्यात) काही दिसत नाही, म्हणून आधी फ्रेम लावा, फोकस करा, मग फिल्टर फिरवून बसवा, ट्रायपॉडला धक्का न लावता. फोकसचंही थोडं बघा. जुन्या लेन्सवर फोकसच्या खुणेच्या बाजूला एक छोटा लाल ठिपका किंवा रेघ असते, ती यासाठीच असते. नेहमीसारखा फोकस करायचा, मधल्या खुणेसमोर जे अंतर आलं ते सरकवून लाल खुणेसमोर आणायचं. एफ ११ ला दूरच्या दरीसाठी ते नाही केलं तरी चालून जातं, पण पुढ्यात कारवीचं झुडूप घेतलं असेल तर करा.

आता दुसरी, खरी गोष्ट. तुम्ही सकाळी गेलात.

आपल्याला सवयच आहे ना, घाट म्हटलं की सूर्योदय. पण सह्याद्रीचे कोकणात उतरणारे मोठे कडे बहुतेक पश्चिमेला तोंड करून आहेत, ऊन त्यांच्या पाठीमागून येतं, आणि नऊ वाजेपर्यंत दरीचा सगळा पोटाकडचा भाग सावलीत असतो. डोळ्याला ती सावली छान निळसर दिसते, साध्या फिल्मवरही येते, कारण वरच्या आकाशाचा निळा उजेड तिथे पोचतो. पण इन्फ्रारेडमध्ये आकाशच काळं आहे हे वर सांगितलं ना, मग त्या काळ्या आकाशाकडून सावलीत उजेड कुठला येणार? डोंगराची सावली या फिल्मला म्हणजे जवळपास रात्र. तुमचा वरचा कडा आला कारण त्याला ऊन लागलं होतं, ढग आले कारण ते उन्हात होते. फिल्मनं बरोब्बर तेच दाखवलं जे तिथे होतं.

झाडाच्या सावलीचं मात्र उलटं. पानातून इन्फ्रारेड आरपार खाली येतो हे लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते इथे. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात दाट झाडीखाली डोळ्याला अंधारलेलं वाटतं तिथे फिल्मवर खालची झुडपं, पायवाट सगळं उजळ येतं. म्हणजे सावली दोन प्रकारची, दगडाची काळी आणि पानांची उजळ, आणि दरीत उभं राहून कुठली कुठे पडलीय हे फिल्टर बॅगेतून काढायच्या आधी बघायचं. हे एवढं एक जमलं ना की निम्मं काम झालं असं मी मनापासून सांगते, कारण मला हे कळायला दोन वर्षं आणि बरेच रोल लागले, तेव्हा असं कुणी सांगणारं भेटलं नव्हतं.

मग जायचं कधी, तर दुपारी. एरवी लँडस्केपवाले बारा ते तीन कॅमेरा बॅगेत ठेवतात, आपण तेव्हाच काढायचा. ऊन डोक्यावरून पश्चिमेकडे कललं की कड्याच्या तोंडावर पडतं, दरीच्या तळापर्यंत उतरतं, आणि तुमच्या पाठीशी येतं. गारबटचा तो फोटो पूर्वेकडे तोंड करून आहे, ऊन मागून, म्हणून समोरचं आकाश काळं आणि भीमाशंकरची रांग उजळ. तीच जागा सकाळी सातला घेतली असती तर सूर्य लेन्समध्ये नि बाकी सगळं कोळसा. राजमाची पॉइंटलाही हाच हिशेब लावा, दीडच्या सुमाराला पोचा, साडेचारपर्यंत थांबा. टोपी आणि पाणी जास्त घ्या, ऑक्टोबर हीट काय असते ते आपल्याला सांगायला नको.

आणि महिना तुम्ही बरोबर निवडला होता. सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पावसानं हवा धुतलेली असते, झाडं भरलेली, वर कापसासारखे ढग. मार्चनंतर गवत वाळतं, साग निष्पर्ण होतो, धुरकट होतं. माथेरान, भीमाशंकरसारखं सदाहरित जंगल उन्हाळ्यातही चालतं, पण काळं आकाश तेव्हा मिळत नाही. पुन्हा जा, यंदाच जा.

मी आर्ट कॉलेजला दुसऱ्या वर्षाला आहे. काकांच्या कपाटात कोडॅकचे एचआयई असं लिहिलेले दोन इन्फ्रारेड रोल मिळाले, तारीख कधीच उलटून गेलीय. वापरू का? नसेल तर आता कुठली फिल्म घेऊ? माझ्याकडे आजोबांचा यशिका आहे, दोन लेन्सचा, आणि एक आगफाचा क्लिक थ्री पण आहे.
*गिरगावहून एक विद्यार्थिनी*

अगं, सगळ्यात आधी ते रोल प्लास्टिकच्या डब्या उघडून बघू नकोस. एचआयई ही फार संवेदनशील फिल्म होती, ९०० नॅनोमीटरपर्यंत बघणारी, पूर्ण अंधारातच डबी उघडायची आणि अंधारातच कॅमेऱ्यात घालायची. कोडॅकनं ती २००७ मध्ये बंद केली. मुंबईच्या कपाटात इतकी वर्षं उष्म्यात पडलेली इन्फ्रारेड फिल्म बहुतेक पूर्ण धुरकटलेली असणार. शिवाय ती ३५ एमएमची, तुझे दोन्ही कॅमेरे १२० च्या रुंद रोलचे, त्यामुळे तशीही बसायची नाही. काकांची आठवण म्हणून जपून ठेव.

त्या फिल्मचं एक होतं, पाठीमागचा प्रकाश अडवणारा थर तिला नव्हता, त्यामुळे उजळ भागांभोवती प्रकाश पसरून एक मऊ तेज यायचं. जुन्या इन्फ्रारेड फोटोंमध्ये झाडं आतून पेटल्यासारखी दिसतात ती त्याच्यामुळे. आजच्या फिल्मना तो थर आहे, म्हणून तसं तेज शोधत बसू नकोस. आजची पानं पांढरी पण कडा स्वच्छ येतात, मला दरीसाठी तेच जास्त आवडतं, प्रत्येक झाड वेगळं दिसतं.

आता मिळणाऱ्यांत दोनच नावं लक्षात ठेव. रोलाय इन्फ्रारेड ४०० साधारण ८२० नॅनोमीटरपर्यंत जाते, आणि इलफर्ड एसएफएक्स २०० ही ७४० च्या आसपास थांबते. आर ७२ फिल्टर ७२० च्या पुढचं सोडतो, म्हणजे एसएफएक्सला अगदी चिंचोळी फट मिळते, परिणाम येतो पण सौम्य, आणि एक्सपोजर वाढवावं लागतं. पांढरी झाडं हवी तर रोलाय घे. दोन्ही १२० मध्ये येतात. फोर्टात बोरा बाजारच्या गल्ल्यांमध्ये विचार, नसेल तर मागवून देतात, आणि घेताना फ्रिजमध्ये ठेवलेला रोल आहे का ते विचारायला लाजू नकोस.

यशिका तर सोनं आहे. फिल्टर फक्त खालच्या लेन्सला लावायचा, वरच्या लेन्समधून तुला सगळं लख्ख दिसत राहणार, एसएलआरवाल्यांसारखी फिल्टरची काढघाल नाही. त्या लेन्सचा घेर छोटा आणि वेगळ्या खाचेचा असतो, त्याला ॲडॉप्टर रिंग लागेल, ती आधी मिळव आणि मगच फिल्टर घे. क्लिक थ्रीमध्ये मात्र ही फिल्म नको घालूस. मागे नंबर बघायची जी लाल खिडकी आहे ना, ती साध्या जुन्या फिल्मसाठी सुरक्षित, पण तुझी फिल्म लाल आणि त्याच्या पलीकडचंच बघते, म्हणजे त्या खिडकीतून सरळ प्रकाश आत.

रोल भरताना सावलीत, शक्यतो घरात भर. माझा पहिला रोल मी नेरळच्या प्लॅटफॉर्मवर उन्हात उभी राहून भरला होता, ३५ एमएमचा, गाडीतून उतरल्या उतरल्या घाईघाईत, आणि पहिल्या पाच फ्रेम गेल्या. या फिल्मचा पाया पारदर्शक असतो, बाहेर डोकावणाऱ्या टोकातून उजेड काचेच्या नळीतून जावा तसा आत शिरतो. १२० ला मागे कागद असतो म्हणून थोडं बरं, तरी घट्ट गुंडाळलेला ठेव आणि काढल्यावर लगेच काळ्या पिशवीत टाक.

धुक्यातून इन्फ्रारेड आरपार बघतं असं ऐकलंय. जुलैत माळशेजला जायचा बेत आहे, दरी ढगात असली तरी फोटो येईल ना?
*कल्याणहून*

नाही येणार. हे फार पसरलंय म्हणून स्पष्टच लिहिते. हवेतली धूसर झाक, ती जी लांबचा डोंगर निळसर करते, तिचे कण प्रकाशाच्या लहरीपेक्षाही बारीक असतात, ती इन्फ्रारेड कापतं. धुक्याचे थेंब त्याच्या कित्येक पट मोठे, त्यांना काय फरक पडतो निळा की इन्फ्रारेड. डोळ्याला दिसत नसेल तर फिल्मलाही दिसणार नाही. जुलैत माळशेजला जा, भिजा, साधी फिल्म घेऊन जा, ढगाळ उजेडात धबधब्यांचे काळे कडे ती फार सुंदर टिपते.

पुढच्या वेळी कारवी फुलली की डोंगर जांभळे होतात त्याचा इन्फ्रारेड फोटो काढायचाय. काय तयारी करू?
*एक वाचक, बोरिवली*

कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, ती संधी इन्फ्रारेडवर घालवू नका असं कळकळीनं सांगते. जांभळं फूल आणि हिरवं पान दोन्ही पांढरंच येणार, फूल शोधून सापडायचं नाही. तेव्हा कलर रोल.

मी विक्रोळीत राहते, घरी बाथरूममध्ये रोल धुते. साध्या रोलला कधी अडचण आली नाही, पण इन्फ्रारेडचा पहिला रोल धुतला तर एका कडेला सगळीकडे ढगासारखे डाग, आणि पूर्ण निगेटिव्ह जरा जास्तच दाट. मे महिन्यात धुतला होता.
*एक वाचक*

दाट झाल्याचं कारण तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे. डब्यावरचा टाइम २० डिग्रीचा असतो आणि मेमध्ये आपल्या नळाचं पाणी ३० च्या आसपास. काही जण फक्त डेव्हलपर बर्फात ठेवून २० ला आणतात आणि बाकी सगळं नळाचंच वापरतात, तसं करू नका, थंडातून एकदम गरमात गेली की फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, कधी कधी सुरकुततो. मी सगळंच २४ ला करते, डेव्हलपर, मधलं पाणी, फिक्सर, धुवायचं पाणीसुद्धा. आदल्या रात्री दोन बाटल्या पाणी फ्रिजमध्ये, सकाळी बादलीत नळाचं पाणी घेऊन त्यात थोडं थोडं ओतत थर्मामीटर २४ वर आणायचा आणि सगळ्या बाटल्या त्या बादलीत उभ्या करायच्या, अर्धा तास तरी. २४ ला टाइम साधारण सात दशांश होतो, म्हणजे डी-७६ डेव्हलपरचा १० मिनिटांचा टाइम ७ वर येतो. पाच मिनिटांच्या खाली जाऊ नका, तेवढ्या वेळात डेव्हलपर सगळीकडे सारखा पोचत नाही आणि आकाशात पट्टे येतात, आणि या फिल्ममध्ये आकाश म्हणजे मोठा सपाट काळा भाग, तिथे सगळं दिसतं.

डागांचं मला वाटतं चेंजिंग बॅगमुळे असेल, म्हणजे हात आत घालून अंधारात रोल हाताळायच्या काळ्या कापडी पिशवीमुळे. याची एक मजेशीर बाजू आहे. काळं कापड डोळ्याला काळं असतं, पण कितीतरी काळे रंग इन्फ्रारेड अडवतच नाहीत. एकदा राजमाचीला एक मित्र काळा शर्ट, काळी छत्री घेऊन कड्यावर उभा होता, निगेटिव्ह बघितली तर शर्ट राखाडी आणि छत्री जवळजवळ पांढरी, मागचा दगड मात्र काळाच. आता हेच कापड तुमच्या बॅगेचं असेल तर? बॅग वापराच, पण रात्री, दिवे बंद करून, खिडकीला जाड गोधडी लावून. दिवसा गॅलरीत बसून नको.

वाळत घालताना पावसाळ्यात घाई करू नका, पंख्याखाली तर अजिबात नाही, धूळ बसते. आंघोळीच्या गरम पाण्यानं बाथरूम आधी दमट करून घेतलं की धूळ खाली बसते, मग खाली चिमट्याचं वजन लावून रात्रभर लटकवा. आणि शिल्लक रोल फ्रिजमध्ये घट्ट डब्यात, बरोबर सिलिका जेलची पुडी. बाहेर काढल्यावर तासदोन तास तसाच ठेवा, लगेच उघडला तर आत दव धरतं.

तुमचं बघून मीही माथेरानला तीन रोल केले, दुपारी, उन्हात, एक्सपोजर छान आलं. पण फोटो आवडत नाहीत. सगळं पांढरं. तुमच्यासारखी दरी दिसत नाही, नुसता कापूस पसरल्यासारखं. काय चुकतंय?
*दादरहून, वय ६७*

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, बरोबर पाठवलेल्या दोन प्रिंट्सही खिडकीशी नेऊन बघितल्या. तुमचं तंत्रात काही चुकत नाहीये. तुम्ही झाडंच झाडं घेतलीयत, आणि आपल्याकडचं जंगल इतकं दाट आहे की कड्यापासून तळापर्यंत सगळं पानच पान. परदेशातले इन्फ्रारेड फोटो बघितलेत तर तिथे एखादं झाड असतं, मोकळं मैदान असतं, पांढरं उठून दिसायला जागा असते. आपल्या दरीत ती जागा आपल्याला शोधावी लागते. इथे पांढरं फुकट मिळतं, काळं कमवावं लागतं.

काळं कुठे मिळेल? पहिला आपला दगड. सह्याद्रीचा बसाल्ट इन्फ्रारेडमध्येही काळाच राहतो, ओला असेल तर आणखी काळा. तुमच्या दुसऱ्या प्रिंटमध्ये डाव्या कोपऱ्यात कड्याचा एक तुकडा आलाय, बोटभर, आणि डोळा सारखा तिथेच जातोय, बघा तुम्हीच. तो कोपरा मध्यात घेतला असता, झाडं त्याच्या काठावर फक्त झालरीसारखी, तर दरीची खोली दिसली असती. दुसरं पाणी. साचलेलं पाणी इन्फ्रारेड पिऊन टाकतं आणि वरचं काळं आकाशच त्यात दिसतं, त्यामुळे शार्लट लेकचा वाऱ्याविना पडलेला काठ शाईसारखा येतो, त्यावर झुकलेली पांढरी फांदी एकच पुरे. वाहतं फेसाळतं पाणी मात्र पांढरं, त्याला झाडांजवळ नका घेऊ, हरवतं, दगडाजवळ घ्या. तिसरं म्हणजे डोंगराची सावली, जी मुलुंडच्या वाचकांना नको होती ती तुम्हाला हवीय, साडेतीन-चारनंतर एका सोंडेची सावली दुसरीवर चढायला लागते, तेव्हा दहा-पंधरा मिनिटं अशी असतात की अर्धी दरी काळी आणि अर्धी पेटलेली. झाडांचे बुंधेही घ्या, अंजनीची ती वाकडी खोडं पांढऱ्या पानांखाली गडद दिसतात. माथेरानची लाल माती मात्र फिक्कट येते, तिच्यावर काळ्यासाठी विसंबू नका. आणि पॉइंटवरचे हिरवे रंगवलेले कठडे बहुतेक गडद येतात, पानासारखे पांढरे होत नाहीत, रंग हिरवा असला तरी तो पान नाही ना. पुढे चुकून आले तर फार खुपतात, दोन पावलं बाजूला सरकून काढा.

एक वही ठेवा खिशात. फ्रेम नंबर, वेळ, ऊन कुठल्या बाजूनं, आणि त्या क्षणी तुम्हाला दृश्यात काळं काय वाटलं होतं ते एका शब्दात, दगड, पाणी, सावली, असं. प्रिंट आल्यावर वहीशी ताडून बघा. जिथे तो शब्द लिहायला सुचलाच नव्हता त्या फ्रेम बहुतेक कापसाच्या निघतील. चौथा रोल झाला की प्रिंटबरोबर वहीचं ते पानही पाठवा, मला दोन्ही बघायचंय.